शिकवणारीला मत का नाही?

मैत्रिणींनो, विद्यापीठाचा कारभार हा विषय निघाला की आपल्यातल्या बऱ्याच जणी पान उलटतात. ती प्राध्यापक आणि संस्थाचालक यांच्यातली भांडणं, आपल्याला त्यात काय कळतंय, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण मुलीचा निकाल दोन महिने लांबतो, गुणपत्रिकेत नाव चुकून येतं, परीक्षेचं केंद्र गावापासून लांब जातं, घेतलेल्या विषयाला वर्षभर शिक्षकच मिळत नाही, तेव्हा वैतागतो आपणच. हे सगळं कुठेतरी, कुणीतरी, एका बैठकीत ठरवलेलं असतं. त्या बैठकीत कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे आपल्याला ठाऊक असायला नको का?

आमच्या परभणीत 'विद्यापीठ' म्हटलं की डोळ्यांपुढे कृषी विद्यापीठ येतं. ते १९७२ सालचं, २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावाचं. त्याचा कायदा वेगळा आहे. तिथे अधिसभा नाही, कार्यकारी परिषद असते. आपल्या लेकी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करतात ती जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा इथली कॉलेजं मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर सुरू झालं. नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर असे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत.

या विद्यापीठाचा कारभार चालतो तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने. १ मार्च २०१७ पासून तो लागू झाला. त्यातली रचना अवघड नाही. अधिसभा म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेसारखी. अंदाजपत्रक तिच्यापुढे येतं, वार्षिक अहवाल येतो, सभासद प्रश्न विचारतात. व्यवस्थापन परिषद म्हणजे स्थायी समितीसारखी, रोजचे निर्णय घेणारी. विद्या परिषद शिक्षणाचा दर्जा आणि अभ्यासक्रम पाहते आणि तिच्याखाली प्रत्येक विषयाचं अभ्यास मंडळ असतं. आपली मुलगी मराठी किंवा इतिहास घेते तेव्हा तिला काय शिकायचं, हे त्या मंडळात ठरतं.

अधिसभेत कॉलेजच्या प्राध्यापकांनी निवडून दिलेले दहा प्राध्यापक असतात. प्राचार्यांचे दहा, संस्थाचालकांचे सहा आणि नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधीही निवडून येतात. प्राध्यापकांच्या दहा जागांपैकी एक महिलांसाठी राखीव आहे. या जागांसाठी प्राध्यापकांच्या संघटना आपापलं पॅनल उभं करतात, गावोगावच्या कॉलेजांत प्रचार होतो. विद्यापीठाच्या कारभारात प्राध्यापकांचा आवाज पोहोचतो तो मुख्यतः या वाटेने.

परदेशात थोडं वेगळं आहे. अमेरिकेत काही विद्यापीठांत प्राध्यापकांची संघटना आणि विद्यापीठ यांच्यात लेखी करार होतो. पगार, कामाचे तास, बढती या गोष्टी त्यात असतातच, आणि कुठे कुठे कोणत्या निर्णयात प्राध्यापकांना विचारलंच पाहिजे, हेही त्यात लिहिलेलं असतं. पण तिथेही गंमत झाली. १९८० साली येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, हे प्राध्यापक कारभारात इतके सहभागी आहेत की ते व्यवस्थापनाचाच भाग ठरतात, म्हणून कामगार कायद्याखाली संघटना करून वाटाघाटीला बसण्याचा हक्क त्यांना नाही. म्हणजे कारभारात हात घातला म्हणून संघटनेचा हक्क गेला!

आपल्याकडे वेगळ्याच कारणाने तो रस्ता बंद झाला. गोव्यातल्या एका शाळेतील शिक्षिकेला १९७५ साली नोकरीवरून कमी केलं. सुंदरम्बल त्यांचं नाव. त्या लढत लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९८८ साली निकाल लागला की, शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला 'कामगार' नाही, कारण शिकवणं हे त्या कायद्यातलं कारकुनी किंवा अंगमेहनतीचं काम नव्हे. ऐकायला मान दिल्यासारखं वाटतं, पण गिरणीतल्या कामगाराला त्या कायद्याचा जो आधार होता, तो शिक्षिकेला मिळाला नाही. म्हणून आपल्याकडे प्राध्यापकांच्या हाती दोनच गोष्टी राहतात. एक, विद्यापीठ कायद्याने दिलेल्या जागा. दुसरी, आंदोलन.

आंदोलनाची झळ आपल्याला माहीत आहे. २०१३ साली एमफुक्टो या प्राध्यापकांच्या राज्यव्यापी महासंघाने फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेटचा प्रश्न, या मागण्या होत्या. शेवटी उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. त्या उन्हाळ्यात पेपर कधी, निकाल कधी, पुढचा प्रवेश कधी, या काळजीत किती घरं होती! पुन्हा २५ सप्टेंबर २०१८ पासून बेमुदत कामबंद झालं. त्या वेळी रिकाम्या जागा भरा, ही मोठी मागणी होती. सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता दिली. म्हणजे आंदोलनाने काही मिळतच नाही असं नाही. पण दर वेळी मुलांचं वर्ष पणाला लावूनच बोलावं लागत असेल, तर बैठकीतल्या त्या जागांचा उपयोग काय, असा प्रश्न मनात येतो.

माझं म्हणणं याच जागांबद्दल आहे. कायद्याने जागा दिल्या, पण त्या जागांवर ज्यांना निवडून देता येतं आणि वर्गात जाऊन जे शिकवतात, ते सगळे एकच नाहीत.

आपल्या तालुक्याच्या कॉलेजात जाऊन नुसती चौकशी करून बघा. एका विषयाला एक कायम प्राध्यापक असतो, कुठे तोही नसतो. बाकीचे 'सीएचबी', म्हणजे तासिका तत्त्वावरचे. जितके तास घेतले तितके पैसे. सुट्टी लागली की पैसे बंद. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. आमच्या महिला मंडळात येणारी एक मुलगी अशीच शिकवते. एम.ए., सेट, पीएच.डी. सगळं झालेलं. सकाळी डबा करून एस.टी.ने जाते, दुपारी परत येते. वर्गातल्या पोरी हिलाच विचारतात, अडलं की हिलाच फोन करतात. एकीचं लग्न ठरवून शिक्षण बंद करायला निघाले होते, तेव्हा घरी जाऊन आईवडिलांना समजावलं तेही हिनेच. आणि पगार? काम केलेल्या महिन्याचे पैसे कधी चार महिन्यांनी येतात, कधी सहा. घरी सासूबाई विचारतात, "अगं, नोकरी करतेस की समाजसेवा?"

या मुलीला अधिसभेच्या निवडणुकीत मत नाही. कायद्यात 'अध्यापक' या शब्दाची व्याख्या पूर्ण वेळ आणि मान्यताप्राप्त अशी आहे. तासावर शिकवणारी त्यात बसत नाही. अभ्यासक्रम बदलला की तो वर्गात पेलायचा हिने, नवीन पुस्तकं मिळत नाहीत म्हणून झेरॉक्स काढायच्या हिने, पण हा अभ्यासक्रम आपल्याकडच्या मुलींना झेपतो का, हे सांगायला तिला कुठे जागाच नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून आपल्या संलग्न कॉलेजांत नवी रचना आली. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याचे विषय, श्रेयांक, असं बरंच काही. कागदावर विषयांची यादी लांबलचक झाली. शिकवायला माणूस आहे का, ते वर्गात गेल्यावर कळतं. ज्यांना ते कळतं त्यांनाच बोलता येत नसेल, तर कारभार करणाऱ्यांना खरं चित्र दिसणार कसं?

याला दुसरी बाजूही आहे, ती मांडली पाहिजे. एका जुन्या प्राध्यापकांशी मी बोलले तेव्हा ते म्हणाले, "ताई, यांना मत दिलं तर ते मत संस्थाचालकाचं होईल. ज्याची पुढच्या वर्षीची नेमणूक मालकाच्या हातात, तो त्याच्या मर्जीविरुद्ध जाईल का?" त्यांची शंका खोटी नाही. संघटनांनी वर्षानुवर्षं लढून प्राध्यापकाला जी निर्भयता मिळवून दिली, ती नोकरीच्या कायमपणातून आली. पोट ज्याच्या हातात, त्याच्यापुढे मान खाली जाते, हे आपण बायकांना कुणी सांगायला नको.

पण मग याच कारणाने पूर्वी बायकांच्या मताबद्दलही लोक म्हणत की, ती नवरा सांगेल तिथे शिक्का मारेल. म्हणून काय बायकांना मत दिलं नाही? दिलं, आणि मतदान गुप्त ठेवलं. दडपण येतं म्हणून हक्क नाकारायचा नसतो, दडपण कमी करायचं असतं. तासिकेवरच्यांसाठी एक-दोन वेगळ्या जागा ठेवता येतील. ठरावीक वर्षं शिकवलेल्यांनाच मत, अशी अट घालता येईल. खरा उपाय रिकामी पदं भरण्याचा, यात वाद नाही. पण ती भरेपर्यंत या लोकांना मुकं ठेवायचं का? संघटनांच्या मागण्यांच्या यादीत तासिकावाल्यांचा प्रश्न असतो. आता यादीतल्या माणसांना शेजारी खुर्चीही द्यावी, एवढंच म्हणणं आहे.

आता आपण काय करू शकतो ते बघू. नुसती हळहळ करून उपयोग नाही.

पहिली गोष्ट कॉलेजातली. याच कायद्याने प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य असतातच. शिवाय पूर्ण वेळ प्राध्यापकांनी निवडलेले तीन जण, त्यात किमान एक महिला. आणि चार जण बाहेरचे, म्हणजे शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले स्थानिक लोक, त्यात किमान एक माजी विद्यार्थी. वर्षातून निदान चार बैठका व्हायला हव्यात. तुमच्या गावच्या कॉलेजात ही चार माणसं कोण आहेत? समाजसेवेच्या जागेवर बचत गटात, महिला मंडळात काम करणारी एखादी बाई का नसावी? नेमणूक संस्था करते हे खरं, पण विचारल्याशिवाय आपलं नाव कुणाला सुचत नाही.

दुसरी गोष्ट माहितीची. या विषयाला मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिकेवर किती, त्यांचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिलं, एवढे चार प्रश्न पालक म्हणून प्राचार्यांना लेखी विचारा. अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगलंच झालं. पण कॉलेज कोणतंही असो, फी भरली की माफ झाली यापेक्षा वर्गात शिक्षक आहे की नाही, हे आधी बघायला हवं.

तिसरी गोष्ट मताची. अधिसभेत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, त्यातलीही एक महिलांसाठी राखीव. पण मत द्यायला पदवीधर म्हणून नाव नोंदवावं लागतं. आपल्यात बी.ए. झालेल्या कितीतरी जणी आहेत, पण पदवी माळ्यावरच्या पेटीत पडलेली. नोंदणीचं नाव काढलं की माहेरच्या नावाची पदवी आणि सासरच्या नावाचं आधार कार्ड, यातच गाडी अडते. लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची प्रत किंवा प्रतिज्ञापत्र, असा काहीतरी कागद लागतो. तो एकदाच काढून ठेवा, चार ठिकाणी उपयोगी पडेल. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा नोंदणी सुरू आहे का, याची चौकशी आधीच करावी. आणि उमेदवार मत मागायला आले, की त्यांना एकच प्रश्न विचारावा : तासिकेवर शिकवणाऱ्यांसाठी तुम्ही सभागृहात काय बोलणार?

मुलगी शिकली पाहिजे हे आता आपल्या गावांत कुणाला पटवावं लागत नाही. पण तिला शिकवणारीही कुणाची तरी मुलगीच आहे. तिला सहा-सहा महिने पगार नाही, पुढच्या वर्षीचा भरवसा नाही आणि कारभारात शब्दही नाही. हे पाहून आपली मुलगी शिक्षणाबद्दल काय शिकेल, याचा विचार संघटनांनी करावा, विद्यापीठाने करावा आणि आपणही करावा.