तबकडीवरचे गाणे आणि गाणाऱ्याचा हक्क

ग्रामोफोनने आपले संगीत जतन केले, असे कौतुकाने सांगितले जाते. आमच्या मते हे अर्धेच सत्य आहे. यंत्राने गाणे नुसते जतन केले नाही, ते बदलले. आणि यंत्रापुढे जे प्रथम गायले त्यांचे देणे मात्र कुणी चुकते केले नाही.

१९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग हे ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आले. घराण्याची विद्या चोरीला जाईल या धास्तीने अनेक नामवंत उस्ताद यंत्रापासून दूर राहिले. पुढे आल्या त्या गौहरजान यांच्यासारख्या तवायफ. प्रतिष्ठित समाज ज्यांचे गाणे रात्री ऐकत होता आणि दिवसा ज्यांना नावे ठेवत होता, त्याच या स्त्रिया!

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्याजवळ तोंड नेऊन जोराने गावे लागे. त्या आवाजाच्या कंपनाने सुई हलून मेणावर रेघ उमटे. हळुवार, खर्जातला सूर नीट उमटत नसे, म्हणून चढा, धारदार आवाज सरस ठरला. तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर फुलणाऱ्या ख्यालाच्या आलापीला कात्री लागली, बंदिश लगेच सुरू होऊ लागली आणि शेवटी तानांची घाई झाली. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून गौहरजान शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारत. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले, तेव्हा कुठे हलक्या आवाजात गाणाऱ्यालाही वाव मिळाला.

गौहरजान यांनी आपले नाव तबकडीवर कोरले, पण हक्काचे काय? कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावरील हक्क भारतीय कॉपीराइट कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, म्हणजे तब्बल ९२ वर्षांनी. व्यावसायिक वापराच्या स्वामित्वधनाची स्पष्ट तरतूद व्हायला २०१२ उजाडले. तोवर करारात लिहिले असेल तेवढेच कलावंताच्या पदरात पडे. गौहरजान तर १९३० मध्येच म्हैसुरात निवर्तल्या होत्या. साथीच्या सारंगियांची आणि तबलजींची तर बहुतेक तबकड्यांवर नावेही नाहीत.

ज्यांच्या गळ्याने आणि बोटांनी हा व्यवसाय उभा राहिला, त्यांना इतिहासात शेवटची ओळ मिळावी, हा कुठला न्याय? जुनी ध्वनिमुद्रणे नव्याने विकणाऱ्यांनी निदान या साथीदारांची नावे शोधून छापावीत. कायदा मागे जाऊन त्यांना पैसे देऊ शकत नाही; नाव देण्यासाठी मात्र कायद्याची वाट पाहावी लागत नाही.