जखमी जवान आणि इटियाडोहचे पाणी

कारगिलच्या युद्धात आपले किती जवान हुतात्मा झाले, असे आठवीतल्या एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याला विचारा. ५२७ हा आकडा तो चटकन सांगेल. जखमी किती झाले, हे मात्र बहुधा त्याच्या गुरुजींनाही सांगता येणार नाही. तो आकडा १३६३ आहे. दरवर्षी २६ जुलैला आपण दीप लावतो, वीरमातांचा सन्मान करतो, आणि ते उचितच आहे. परंतु जो परत आला, एक पाय तेथेच ठेवून किंवा रात्रीची झोप तेथेच गमावून आला, त्याचे या सोहळ्यात स्थान कोणते? पहिल्या रांगेतील खुर्ची, शाल, श्रीफळ, ध्वनिक्षेपकावरून दोन शब्द आणि पुढील वर्षापर्यंत निरोप. असे कार्यक्रम प्रस्तुत लेखकानेही योजले आहेत, तेव्हा हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याचे कारण नाही.

इराक आणि अफगाणिस्तानातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांचा प्रश्न अमेरिकेसमोर उभा राहिला, तेव्हा तेथे एक वेगळाच प्रयोग झाला. २००५ साली एड निकल्सन या नौदलातील निवृत्त कॅप्टनने वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयातील जखमींना गळाने मासे धरावयास शिकविले. पुढे २००७ मध्ये टेक्सास राज्यात 'हिरोज ऑन द वॉटर' ही संस्था निघाली. ती माजी सैनिकांना कयाक नावाच्या अरुंद, हाताने वल्हवावयाच्या होडीत बसवून मासेमारीस नेते. शाकाहारी वाचकांच्या कपाळावर येथे आठी पडेल, याची कल्पना आहे. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडता येतो, एवढेच तूर्त सांगतो.

मासे धरून जखमा कशा भरणार, असे कोणी विचारील. कयाकला पायांचे बळ लागत नाही. दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे डावीकडे, उजवीकडे असे लयीत चालवायचे. खांदे आणि पाठ काम करतात, श्वासाला आपोआप ताल येतो. चाकाच्या खुर्चीतील माणसाकडे रस्त्यावर सारे वाकून पाहतात. पाण्यावर तो इतरांच्याच उंचीवर बसलेला असतो आणि आपली दिशा आपण ठरवितो. गळ टाकल्यावर सारे लक्ष दोरीवर एकवटते. सुरुंगस्फोटातून वाचलेल्या माणसाचे मन सतत धोका हुंगत असते. दार आपटले तरी तो दचकतो. अशा मनाला तासभर एका दोरीवर स्थिरावता आले, तर ती लहान गोष्ट नव्हे. शिवाय एकाच अनुभवातून गेलेले दोघे शेजारी-शेजारी होडीत असले, की एकमेकांच्या डोळ्यांत न पाहता बोलता येते. घरी पत्नीजवळही न उच्चारलेली वाक्ये तेथे सहज निघतात. अर्थात मानसोपचार आणि औषधे यांची जागा होडी घेऊ शकत नाही. ती त्यांच्या जोडीला आहे.

पाण्याचा हा गुण महाराष्ट्राला नवा नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, कंबरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन त्यांनी पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. मधल्या ४६ वर्षांत किती घरांतून हे नाव उच्चारले गेले? २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा अनेकांना ते प्रथमच कळले. अलीकडचे उदाहरण नारायण कोंगनापल्ले यांचे. २०१५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये भूसुरुंगाने त्यांचा पाय नेला. त्यांनी वल्हे हाती धरले आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत अनिता यांच्यासह रौप्यपदक मिळविले. मात्र पदक जिंकणारे थोडे असतात. खडकीचे अपंग सैनिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून काम करीत आहे. परंतु केंद्रातून आपल्या खेड्यात परतलेल्या आणि कोणतेही पदक मिळवू न इच्छिणाऱ्या जवानाला पाण्यावर कोण नेणार?

म्हणून इटियाडोहचा विचार मनात येतो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ गाढवी नदीवर हे धरण आहे. पावसाळ्यात ते भरून वाहू लागले की पर्यटकांची झुंबड उडते. एरवी जलाशय शांत असतो. येथून गडचिरोली जिल्ह्याची सीमा जवळ आहे. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस हुतात्मा झाले, ते स्थळही फार दूर नाही. अशा स्फोटांतून आणि चकमकींतून जे वाचले, त्यांचे काय? सी-६० चा जखमी जवान सैनिक कल्याण कार्यालयाच्या लेखी माजी सैनिक नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा वृत्तपत्रांची पाने त्याच्या छायाचित्रांनी भरली. ज्यांनी ही वेळ आणली, त्यांच्यापैकी कितीजण आज कुबड्यांवर चालतात, हे कोणी छापले नाही.

याच परिसरात १९७२ पासून तिबेटी बांधवांची नोरग्येलिंग वसाहत आहे. देशभरातील तिबेटी वसाहतींतील तरुणांनी विशेष सीमा दलात भारतासाठी शस्त्र धरले आहे. १९७१ साली चितगावच्या डोंगरांत मेजर जनरल सुजानसिंग उबान यांच्या नेतृत्वाखाली या दलाचे पन्नासहून अधिक जवान कामी आले आणि जखमी त्याहून कितीतरी अधिक झाले. गुप्ततेमुळे त्यांच्या शौर्याचा जाहीर गौरवही झाला नाही. सेना, पोलीस, केंद्रीय राखीव दल आणि तिबेटी सैनिक या चौघांचे जखमी एका काठावर आणता येतील, अशी जागा विदर्भात दुसरी क्वचितच असेल.

आता आक्षेप येतील. येथील ढिवर समाजाचे पोट पाण्यावर आहे. जलाशयातील मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात. त्यांना डावलून एखाद्या कंत्राटदाराने रंगीत होड्या आणि उपाहारगृह थाटले, तर सेवेच्या नावाखाली आपण दुसऱ्यांना जखमी करू. म्हणून शिकविणारे ढिवरच असावेत, आणि त्यांना दिवसाचे योग्य मानधन मिळावे. मरळ कोठे बसते, वारा केव्हा फिरतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? मात्र त्यांचा डोंगा या कामास चालणार नाही. तो सहज कलंडतो आणि दरवर्षी विदर्भात डोंगा उलटून माणसे बुडाल्याच्या वार्ता येतात. रुंद बुडाची, वर उघडी असलेली कयाक आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवेच. कृत्रिम पाय काठावर काढून ठेवावा. ज्याच्या कंबरेखाली संवेदना नाही, त्याच्या खाली जाड गादी असावी आणि त्याला दर थोड्या वेळाने उचलून बसवावे, अन्यथा न कळता त्वचेवर व्रण पडतात. दूर एक बचाव होडी आणि काठावर डॉक्टर असावा. भाषणे अजिबात नसावीत.

खर्च फार नाही. चार कयाक, दोन ढिवर बांधव, एक डॉक्टर, सहा जवान आणि हिवाळ्यातला एक रविवार, कारण पावसाळ्यात हे पाणी विश्वासाचे नसते. अर्जुनी, वडसा आणि नागपूरच्या कार्यकर्त्यांनी आधी गोठणगावला जाऊन मच्छीमार संस्थेच्या बैठकीत खाली बसावे आणि तुम्हाला हे मान्य आहे का, असे विचारावे. त्यानंतर गावोगावी जखमी जवानाच्या घरी जावे. जाताना शाल नेऊ नये. पहाटे पाचला गाडी घेऊन येतो, चालेल का, इतकेच विचारून यावे.