प्रतिस्पर्ध्यांचे गाव

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ अशी प्रौढी मिरवायची आणि त्याच दमात ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ म्हणून स्वतःचीच थट्टा करून घ्यायची, या दोन्ही गोष्टी ज्या शहराला सारख्याच सहजतेने साधतात, त्या शहरातील कलावंतांची परस्परांविषयीची ईर्ष्या कितीही तीव्र झाली तरी ती सहसा विखारी होत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. आत्मस्तुती आणि आत्मोपहास यांची अशी जोडी ज्याच्या जिभेवर असते, त्याच्या पोटात शेजाऱ्याच्या यशाने दुखले तरी ते त्याला चहाच्या टपरीवर चार लोकांत मोकळेपणाने बोलून दाखवता येते, आणि ऐकणाऱ्यांत बहुधा तो शेजारीही बसलेला असतो.

हे प्रास्ताविक अशासाठी की, राज्य नाट्य स्पर्धेचा हंगाम जवळ आला म्हणजे एक सूचना हमखास कानी येते. एवढ्याशा शहरात इतक्या नाट्यसंस्था, इतकी भजनी मंडळे, कविसंमेलनांच्या इतक्या वेगवेगळ्या चुली कशासाठी. सर्वांनी हेवेदावे विसरून एक मध्यवर्ती मंडळ स्थापन करावे, एकच भव्य नाटक बसवावे आणि मुंबई-पुण्याला आपले पाणी दाखवावे, अशी ती सूचना. ती सद्हेतूनेच केलेली असते. ती करणारे गृहस्थ प्रतिष्ठित असतात, आणि बहुतेक वेळा ते उद्घाटक असतात. आमच्या मते मात्र ती साफ चुकीची आहे. आणि ती का चुकीची, हे सांगण्यासाठी थोडे मागे, म्हणजे आधी रंगमंचाच्या मागे आणि मग काळाच्या मागे, जावे लागेल.

१९५४ साली तत्कालीन मुंबई राज्यात ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि मगच या स्पर्धेचा दरवाजा इकडच्या हौशी मंडळींना उघडला. आज सांस्कृतिक कार्य संचालनालय ती भरवते, ठिकठिकाणच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, परभणीही त्यांतले एक केंद्र आहे, आणि केंद्रावर सरस ठरलेले नाटक अंतिम फेरीस जाते. सारा कारभार नियमांचा, अर्जांचा आणि दाखल्यांचा आहे. परंतु त्या अर्जांवर ज्यांची नावे असतात ती माणसे दिवसा शाळेत फळ्यापुढे, बँकेत खिडकीमागे, कचेरीत टेबलाशी किंवा दुकानाच्या गल्ल्यावर असतात, आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर कुठल्याशा शाळेच्या वर्गात बाके भिंतीला लावून तालीम करतात. नाटकातील आईचे काम करणारी बाई तालमीला निघण्यापूर्वी घरच्या पोळ्या लाटून आलेली असते. ही गोष्ट कोणत्याही परीक्षकाच्या गुणपत्रकात नोंदवली जात नाही.

प्रयोगाच्या दिवशी मागे जाऊन पाहावे. आदल्या दिवशी ज्यांचे नाटक झाले त्यांच्या लेव्हल्स अजून विंगेत उभ्या असतात, आणि आज ज्यांचे नाटक आहे त्यांना नेमकी एक लेव्हल कमी पडत असते. “सर, ती मधली लेव्हल राहू द्या की आजच्या दिवस.” “न्या हो, न्या; पण परत देताना खिळे काढून द्या. मागच्या वर्षी आमच्या पोराच्या पायात गेला होता.” या दोन वाक्यांत मागच्या वर्षीची तक्रार आहे आणि या वर्षीचे औदार्यही आहे. जो माणूस लेव्हल देतो तोच संध्याकाळी दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसतो आणि स्वतः दिलेल्या लेव्हलवर उभ्या राहिलेल्या नटाचा एकही दोष नजरेतून निसटू देत नाही. डिमर उशिरा उतरला, नायकाने अर्धे वाक्य गाळले, म्हाताऱ्याने ते शिताफीने सावरून घेतले, दुसऱ्या अंकात दिग्दर्शकाला कंटाळा आला. सामान्य प्रेक्षकाला जे जाणवते पण सांगता येत नाही, ते हा माणूस मध्यरात्रीपर्यंत स्टेशन रोडवर उभा राहून सविस्तर सांगतो.

लहान शहरातील स्पर्धेचा खरा प्रेक्षक हाच असतो. काल ज्यांचे नाटक झाले ते आणि उद्या ज्यांचे व्हायचे आहे ते, हेच पुढच्या रांगा धरून बसतात. इतका जाणकार, इतका निर्दय आणि वर पदरचे तिकीट काढून आलेला प्रेक्षक मुंबईतील व्यावसायिक नाटकालाही सहजासहजी लाभत नाही. आता या सर्व मंडळींना एका मध्यवर्ती मंडळात गोळा केले, एकाला दिग्दर्शन, दुसऱ्याला नेपथ्य, तिसऱ्याला पार्श्वसंगीत आणि उरलेल्यांना स्वागत समिती वाटून दिली, तर सारे रंगमंचावर किंवा व्यासपीठावर चढतील. खाली बसून पाहणार कोण?

आपल्या पूर्वजांना हे मर्म ठाऊक होते. कलगीवाले आणि तुरेवाले हे शाहिरांचे दोन पंथ, एक शक्तीचा महिमा सांगणारा आणि दुसरा शिवाचा, डफ-तुणतुण्याच्या साथीवर रात्र रात्र एकमेकांना कूटप्रश्न घालीत आणि पुराणांतील आधार देऊन त्यांची उत्तरे देत. दोन्ही पंथांचे ऐक्य करून टाकावे, असे त्या काळी कोणा शहाण्याने सुचविले असते तर त्याला गावाने वेड्यात काढले असते, कारण प्रश्न विचारणारा गेला की उत्तर देणाऱ्याची विद्वत्ताही गेली. देवीच्या अंगणात संबळ वाजू लागली की गोंधळ्यांच्या आख्यानांची तुलना आपोआप होत असे. ज्यांच्या गोंधळाची कीर्ती जिल्ह्याच्या कितीतरी पलीकडे पोहोचली ते परभणीचे गोंधळमहर्षी राजाराम कदम अशाच कान तयार असलेल्या श्रोत्यांच्या मुलखातले. आणि हरिनाम सप्ताहात शेजारच्या गावाचे भजनी मंडळ आले की यजमान गावाचा पखवाजिया त्या दिवशी दुपारीच शाई तपासून ठेवतो, हे ज्याने पाहिले नाही त्याने मराठवाड्याचा सप्ताह पाहिला नाही.

पण या बाबतीतला सर्वांत सुसंस्कृत दाखला आम्हाला उर्दूच्या दरबारात सापडतो. दख्खनमध्ये, आणि म्हणून निजामाच्या अमलाखालील आपल्या मुलखातही, तरही मुशायऱ्याची प्रथा होती. मुशायऱ्यापूर्वी सर्व शायरांना एकच मिसरा दिला जाई. वृत्त तेच, काफिया तोच, रदीफ तोच, आणि त्या बंधनात ज्याने त्याने आपापली गझल रचून आणायची. सर्वांना तोच मिसरा मिळाल्यामुळे कुणाचे किती पाणी आहे ते लपून राहत नसे, आणि त्याच कारणाने प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या शेराला सर्वांत आधी दाद द्यायची पाळी त्याच काफियाशी रात्रभर झुंजलेल्या शायरावरच येई. परभणीच्या मोहल्ल्यांत शेरोशायरीचा हा कान अजून शाबूत आहे, आणि फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा तेथे लोटणारी गर्दी कोणत्या धर्माची, हे कोणी विचारीत नाही.

तेव्हाचे दिवस सुखाचे होते असे मात्र कोणी समजू नये. दफ्तर उर्दूत, उच्च शिक्षण उर्दूत, आणि ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे सभा भरवायची तर आगाऊ इजाजत काढावी लागे. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूरला भरले तेही अशाच वातावरणात. उघड राजकारणाला मज्जाव असलेल्या त्या काळात वाचनालय, गणेशोत्सव, व्याख्यानमाला आणि नाटक हीच माणसांना एकत्र येण्याची निमित्ते उरली होती, आणि आज शंभरी ओलांडलेल्या गणेश वाचनालयासारख्या संस्थांचे मोल त्या संदर्भात पाहावे लागते. १९४३ साली मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली ती हैदराबादेत, हेही या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. एकमेकांशी भांडायलासुद्धा जेथे परवानगी लागे, तेथे मोकळेपणाने स्पर्धा करता येणे ही मिळवलेली वस्तू आहे, वडिलोपार्जित नव्हे.

त्याच काळात परभणीच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत एक कारकून मराठी कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहीत होता. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच काम करता करता वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते. हयातीत ज्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही, त्या लेखकावरील हक्कासाठी आता तीन शहरे गोड चढाओढ करतात. त्यांचे जन्मगाव सातोना परतूर तालुक्यातले. १९८१ साली जालना जिल्हा निराळा झाला आणि सातोना तिकडे गेले, म्हणून जालनेकर त्यांना आपले म्हणतात. त्यांच्या नावाचा पुरस्कार छत्रपती संभाजीनगरात दिला जातो. आणि परभणीकर कोणताही युक्तिवाद न करता आपल्या बी. रघुनाथ सभागृहाकडे बोट दाखवतात. १९९९ साली हिंगोली वेगळी झाल्यावर कवी इंद्रजित भालेरावांच्या बाबतीतही अशीच वाटणी झाली; जन्मगाव रिढोरा हिंगोलीकडे, अध्यापनाची आणि कवितेची वर्षे परभणीकडे. महसुली सरहद्द कवींना लागू करायची ठरवली तर अनेक तंटे उपस्थित होतील, पण असल्या तंट्यांनी कुणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. उलट १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन परभणीत भरले, पुढे २०१६ साली आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आसपासच्या जिल्ह्यांनी ‘आमचेच’ म्हणून टाळ्या वाजवल्या आणि मनात ‘आता आपली पाळी’ असेही म्हटले असेल. दोन्ही भावना निर्मळ आहेत.

इतके सारे गोड गोड सांगून झाल्यावर कडू तेही सांगितले पाहिजे. स्पर्धेचा हेतू नाटक हा होता. हळूहळू नाटकाचा हेतू स्पर्धा होऊन बसला आहे. चार-दोन महिने तालमी होतात, पदरमोड होते, प्रसंगी कर्ज निघते, नेपथ्य ठोकले जाते, एका रात्री एक प्रयोग होतो, आणि निकाल लागला की ते नेपथ्य कुणाच्या तरी गच्चीवर पावसात कुजते. अंतिम फेरीस गेलेल्या नाटकाच्या नशिबी आणखी एखादा प्रयोग येतो. बाकीची नाटके जन्मली त्याच रात्री संपतात. मग ज्याची किंमत एका रात्रीत आणि तीन परीक्षकांच्या मतावर ठरायची, त्याच्या निकालावरून संस्था फुटतात, मुंबईला निनावी अर्ज जातात, आणि ज्याने लेव्हल दिली त्याच्याशी बोलणे बंद होते. निकालाला असे अवास्तव महत्त्व का आले? नाटकाला निकालाखेरीज दुसरे आयुष्यच उरले नाही म्हणून. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली याच स्पर्धेसाठी उभे केले होते, त्या वर्षीचे क्रमांक आज कोण सांगेल? नाटक मात्र सर्वांना माहीत आहे, कारण स्पर्धेनंतरही ते होत राहिले.

सुसज्ज नाट्यगृहाचा प्रश्न परभणीकरांना नवीन नाही आणि त्यावरची भाषणेही नवीन नाहीत. ती येथे पुन्हा करीत नाही. नाट्यगृह व्हावेच. पण त्याची वाट न पाहता करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. सेलू, गंगाखेड, जिंतूर, पाथरी, मानवत, पूर्णा, सोनपेठ आणि पालम या तालुक्यांच्या गावी शाळा आहेत, मंगल कार्यालये आहेत, संध्याकाळी काहीतरी पाहावे अशी इच्छा असलेली माणसे आहेत. परभणी केंद्रावर सादर झालेले प्रत्येक नाटक, पहिले आलेले आणि शेवटचे आलेलेही, निकालानंतर यांपैकी एका गावी पुन्हा व्हावे. प्रवासखर्चाचा भार संचालनालयाने, महानगरपालिकेने आणि त्या त्या नगरपरिषदेने वाटून घ्यावा. आणि जानेवारीत गंगाखेडला ज्यांचा प्रयोग आहे त्यांच्यासोबत प्रतिस्पर्धी संस्थेची निदान चार माणसे त्याच टेम्पोतून पाहायला जावीत, एवढाच रिवाज पाडावा. नाटक एकदाच पाहून त्याच्याविषयी मत बनवणारा माणूस आणि तेच नाटक दुसऱ्यांदा, वेगळ्या गावच्या प्रेक्षकांत बसून पाहणारा माणूस यांच्या बोलण्यात फरक पडतो. गंगाखेडचा प्रेक्षक जेथे हसला तेथे परभणीचा का हसला नाही, याचा उलगडा करताना दोन दिग्दर्शकांचे भांडण निकालावरून उठून नाटकावर येईल. ते तेथे वर्षभर चालू राहिले तरी आमची हरकत नाही.

यासाठी नवे मंडळ नको, नवी समिती तर नकोच नको. आहे त्या प्रवेशअर्जात एक रकाना वाढवावा, ‘दुसरा प्रयोग कोठे व कोणत्या तारखेस?’ असा, आणि तो कोरा सोडणाऱ्याचा अर्ज कारकुनाने परत करावा.