किल्ली कोणाच्या हाती?

हॉटेलच्या बंद खोलीतून प्रवाशाची चीजवस्तू नाहीशी झाली की व्यवस्थापक भिंतीवरील पाटीकडे बोट दाखवितो : 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमच्यावर नाही.' पाटी लावली की कर्तव्य संपले, हा समज जितका सोयीचा तितकाच निराधार आहे.

इंग्लंडात १५८४ सालीच न्यायालयाने बजावले होते की, खोलीची किल्ली पाहुण्याच्या हवाली केली एवढ्यावरून पथिकाश्रमाचा चालक मोकळा होत नाही. पुढे १९४९ च्या न्यायवृत्तांतात नोंदलेल्या एका निवाड्यात हाच प्रश्न आला. काउंटरवर ठेवलेली किल्ली उचलून चोराने खोलीतील फरचे कोट लांबविले होते. करार काउंटरवर पुरा झाल्यानंतर खोलीत नजरेस पडणारी अट पाहुण्यास बांधीत नाही, असे तेथे ठरले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १४ नोव्हेंबर २०१९ रोजी हीच दिशा दाखविली. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलातून १९९८ साली पाहुण्याची मोटार चोरीस गेली होती. 'जोखीम मालकाची' असे चिठ्ठीवर छापून हॉटेलास स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येणार नाही, योग्य काळजी घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार हॉटेलवरच राहील, असे न्यायालयाने म्हटले. मात्र प्रत्येक चोरीस हॉटेल आपोआप जबाबदार, हे तत्त्व त्याने स्वीकारले नाही.

मोटार हॉटेलच्या स्वाधीन केली जाते, खोलीतील बॅग पाहुण्याच्याच ताब्यात असते, असे कोणी म्हणेल. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु दुसरी किल्ली, नोकरवर्ग आणि कॅमेऱ्यांतील चित्रण कोणाच्या ताब्यात असते? दार कोणी उघडले, हे एका रात्रीच्या पाहुण्याने कसे सिद्ध करावे? ज्याच्यापाशी पुरावा, त्यानेच तो पुढे करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दार उघडे टाकून फिरावयास जाणाऱ्याने आपल्या चुकीचे फळ अवश्य भोगावे. पण ज्या ढिल्या कुलपातून चोर शिरतो, त्यातूनच एकट्या उतरलेल्या स्त्रीवर हात टाकणाराही शिरतो, हे विसरता येत नाही.

इंग्लंडने १९५६ साली कायदा करून भरपाई एका वस्तूस ५० व एका पाहुण्यास १०० पौंडांपर्यंत मर्यादित केली. हॉटेलच्या हयगयीने नुकसान झाल्यास मात्र ही मर्यादा लागू होत नाही. आमच्या संसदेनेही अशी स्पष्ट रेषा आखावी. तोवर हॉटेलचालकांनी पाट्या रंगविण्याआधी आपली कुलपे तपासावीत, हेच त्यांच्या व पाहुण्यांच्या हिताचे होय.