फोटोचें भिंग आणि पिकावरील बारीक कीड

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मंडळाच्या एका सभासदाच्या वांग्यांचीं पानें पांढुरक्या ठिपक्यांनीं भरून निस्तेज झालीं. त्यांनीं मोबाइलवर पानाचा फोटो काढून एका औषधविक्रेत्याकडे धाडला. फोटोंत हिरव्या पानावर कांहीं अस्पष्ट डाग, एवढेंच दिसत होतें. विक्रेत्यानें फुलकिडे ठरवून औषध दिलें. दोन फवारण्या झाल्या. आणि पंधरवड्यांत शेंड्यांवर बारीक जाळीं धरलीं. ती कीड फुलकिड्यांची नव्हतीच, लाल कोळ्याची होती. कोळी हा कीटक नव्हे. पुष्कळशीं कीटकनाशकें त्याला बाधत नाहींत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मारून त्याची वाट मोकळी करून देतात. या प्रकरणीं आम्ही विक्रेत्यास दोष देत नाहीं. त्याच्यापुढें जो पुरावा गेला तो पाहून दुसऱ्या कोणीं निराळें केलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

पुरावा चांगला मिळावा कसा, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें एक उत्तर आमच्या मतें गांवांतच पडून आहे. लग्नसराईंत फोटो काढणारा एखादा तरुण आतां बहुतेक मोठ्या गांवांत असतो. त्याच्याजवळ चेहरा काढण्याचें भिंग, म्हणजे पोर्ट्रेट लेन्स, असतें. बहुधा ५० किंवा ८५ मिलिमीटरचें. सराई संपली कीं कॅमेरा पेटींत जातो, आणि नेमकी त्याच वेळीं खरिपाची कीड सुरू होते. या भिंगाची अडचण अशी कीं, ८५ मिलिमीटरचें भिंग सुमारें पाऊण मीटराहून जवळची वस्तु स्पष्ट दाखवीत नाहीं. आणि तेवढ्या अंतरावरून वस्तूची प्रतिमा मूळ वस्तूच्या जेमतेम एक अष्टमांश पडते. माणसाच्या मुखास तें पुरे, फुलकिड्यास नव्हे.

ही अडचण एक्स्टेन्शन ट्यूब दूर करते. ही भिंग व कॅमेरा यांच्यामध्यें बसविण्याची पोकळ नळी होय. तींत कांच मुळींच नसते. नळीमुळें भिंग पुढें सरकतें, इतकेंच; आणि भिंग पुढें सरकलें कीं वस्तु जवळ आणून तिची प्रतिमा मोठी घेतां येते. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यांत भाता लांबवून हेंच साधीत असत. हिशेब सोपा आहे: नळीच्या लांबीला भिंगाच्या नाभ्यंतरानें भागावें, म्हणजे प्रतिमा किती पटीनें वाढली तें कळतें. बाजारांत १२, २० व ३६ मिलिमीटरच्या तीन नळ्यांचा संच मिळतो. तिन्ही जोडल्या तर ६८ मिलिमीटर होतात. ८५ च्या भिंगास त्यांनीं ०.८ पट मिळते, व भिंगाची स्वतःची अष्टमांश धरून प्रतिमा जवळजवळ वस्तूएवढी पडते. फुलकिडा सुमारें एक मिलिमीटर लांब. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यांत नळीवांचून तो वीस-एक ठिपक्यांत संपतो. नळ्या जोडल्या असतां दीडशें ठिपक्यांवर पसरतो. मग त्याचे झालरीचे पंख दिसतात. लाल कोळी त्याच्या निम्म्याएवढाच. तरी त्याचे आठ पाय मोजतां येतात. (नुकत्याच निघालेल्या कोळ्याच्या पिलास सहाच पाय असतात, म्हणून मोजणी मोठ्याची करावी.)

५० च्या भिंगानें त्याच नळ्यांवर वाढ याहून अधिक मिळते, दीडपटीच्या घरांत. पण तेव्हां किडा भिंगाच्या तोंडाशीं चार-सहा बोटांवर येतो; कॅमेऱ्याची सावली त्यावर पडते, आणि चपळ तुडतुडा उडून जातो. ८५ च्या भिंगास वीतभराच्या आसपास मोकळें अंतर राहतें. शेतांत आम्ही हेंच पसंत करूं.

या सोयीची किंमतही सांगितली पाहिजे. वस्तूएवढी प्रतिमा घेतांना कॅमेऱ्यांत पोंचणारा प्रकाश चौथाईवर येतो. भिंगाचें छिद्र पूर्ण उघडें ठेवलें तर स्पष्टतेची खोली मिलिमीटराच्या पांचव्या हिश्शाएवढीच राहते. एफ ११ वर ठेवलें तरी ती मिलिमीटराहून थोडीच अधिक. त्यांतून हें भिंग जवळच्या कामासाठीं केलेलें नसल्यानें चित्राच्या कडा मऊ येतात. सबब छिद्र एफ ८ ते ११ ठेवावें, कीड मध्यभागीं घ्यावी, फ्लॅशपुढें बटरपेपर धरून उजेड सौम्य करावा, आणि भिंगाचें कडें न फिरवितां कॅमेराच केसभर पुढेंमागें करून चित्र स्पष्ट करावें. वाऱ्यांत झाडावर फोटो काढण्याचा हट्ट व्यर्थ आहे. पान तोडून टेबलावर घ्यावें. पहांटेच्या गारव्यांत किडे सुस्त असतात, तीच वेळ उत्तम. अगदीं स्वस्त नळ्यांत विजेचे संपर्क नसतात. त्यांवर आजच्या भिंगांचें छिद्र हवें तसें बदलतां येत नाहीं. हातानें छिद्र फिरविण्याचें जुनें भिंग असेल तर मात्र स्वस्त नळीनें निभतें.

कोणी म्हणेल, दहापट दाखविणारें हातभिंग असतांना हा खटाटोप कशाला? हातभिंग प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशांत असावेंच. पण डोळ्यानें पाहिलेलें दुसऱ्या गांवच्या तज्ज्ञास दाखवितां येत नाहीं. मोबाइलला लावण्याची चिमट्याची भिंगेंही बरें काम देतात; ज्याचें त्यावर भागतें त्यानें नळीच्या भरीस पडूं नये. मॅक्रो लेन्स या सर्वांहून सरस, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती पुष्कळदां दहापंधरा हजारांच्या पुढें जाते, आणि नळ्यांचा संच कांहीं शेंकड्यांपासून कांहीं हजारांत येतो.

आणि कांहीं रोगांपुढें नळी निरुपयोगीच आहे. मिरचीवरील पिवळा कोळी मिलिमीटराच्या पांचव्या हिश्शाएवढा. तो ठिपकाच दिसणार. तेथें पानें खालच्या बाजूस वळलीं कीं कोळी आणि वरच्या बाजूस वळलीं कीं फुलकिडे, ही जुनी खूणच अधिक कामाची. बुरशीचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाचे, व विषाणु प्रयोगशाळेचे.

उलट मक्यावरील लष्करी अळीचें उदाहरण घ्या. ही अमेरिकेंतील अळी २०१८ सालीं प्रथम कर्नाटकांत आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांतही आली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटाजवळच्या भागावर चौकोनांत चार काळे ठिपके, या तिच्या खुणा. वाढलेल्या अळीवर त्या नुसत्या डोळ्यांनीं दिसतात, पण तेव्हां पोंगा खाऊन झालेला असतो. अळी सेंटिमीटरभर असतां ८५ च्या भिंगास एकटी ३६ ची नळी लावली तरी खुणा ओळखूं येतात.

म्हणून आमची सूचना अशी. मंडळानें विजेच्या संपर्कांचा एक संच, आपल्या भागांतील फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यांस जुळेल असा पाहून, विकत घ्यावा. आणि फोटोमागें ठरलेली मजुरी देऊन त्यांच्याकडून काम करून घ्यावें. हें काम फुकट मागूं नये. प्रत्येक वेळीं तीन फोटो असावेत: सबंध झाडाचा, पानाच्या दोन्ही बाजूंचा, आणि नळी लावून किडीचा, शेजारीं मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवून. नळी शेतांत बदलूं नये, धूळ थेट कॅमेऱ्याच्या आंत जाते. घरींच चढवून निघावें. वर सांगितलेल्या सभासदांनीं पहिल्या संचाचा निम्मा खर्च देऊं केला आहे.