आजीचं समाधान आणि आपला उपदेश

हल्ली मोबाईल उघडला की रोज एक तरी संदेश येतो. आपले आजी-आजोबा दोन कपड्यांत सुखी होते, आहे त्यात समाधान मानायचे, देवाचे आभार मानायचे. आजच्या माणसाला मात्र सगळंच कमी पडतं! आमच्या नात्यातली मंडळीही हेच पाठवतात. पाठवोत बापडी. पण हाच उपदेश धुणंभांडी करणाऱ्या बाईला किंवा दुकानातल्या पोऱ्याला ऐकवला जातो, तेव्हा मला राहवत नाही. तिनं दोनशे रुपये वाढवून मागितले की लगेच, "अगं, माणसानं समाधानी असावं!" हे समाधान नव्हे. ही काटकसर आहे, आणि तीही दुसऱ्याच्या पोटाची.

माझी आजी गांधीबागेतली. (नागपूर न पाहिलेल्यांसाठी: गांधीबाग म्हणजे कापडाचा ठोक बाजार.) घर विणकराचं. आजी हातमागासाठी कांड्या भरायची. लुगडी दोनच, एक अंगावर, एक दोरीवर. जेवणाआधी ताटाला हात जोडायची आणि ज्यानं पेरलं त्याचं भलं चिंतायची. समाधान काय असतं ते मी तिच्याकडूनच शिकले.

पण संदेश पाठवणाऱ्यांना तिची दुसरी बाजू माहीत नाही. एकदा सूत खराब भरलं असं म्हणून एका शेठनं मजुरी कापली. आजी चार बायका घेऊन दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. पैसे हातात पडेपर्यंत उठली नाही. मी विचारलं, "आजी, तुले तं काहीच लागत नाही, मंग काहून भांडली?" ती म्हणाली, "मले किती पुरते ते मी ठरवीन. त्यानं काहून ठरवावं?"

सगळी गोम इथेच आहे. समाधान स्वतःच्या ताटापुरतं असतं. तुकोबांचंच बघा ना. त्यांनी सावकारीतली आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. सोडलं ते स्वतःचं येणं. कुळांना बोलावून "बाबांनो, समाधानी राहा आणि व्याज वेळेवर द्या" असं नाही सांगितलं!

कृतज्ञतेचंही तसंच. आपल्याकडे ती नेहमी खालच्यानं वरच्याला दाखवायची असते. नोकरानं मालकाचे उपकार मानायचे. उलट का नाही? आमच्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ मध्ये तिथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. एका गिरणीमालकाला तेव्हा जे सुचलं ते आपल्याला आज सुचू नये? पुढे १९७२ मध्ये ग्रॅच्युइटीचा कायदा आला. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे, पाच वर्षं नोकरी केलेल्याला निघताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. गंमत म्हणजे 'ग्रॅच्युइटी' आणि इंग्रजीतला कृतज्ञतेचा शब्द एकाच लॅटिन मुळातून आले. म्हणजे मालकाची कृतज्ञता त्याच्या मर्जीवर न सोडता कायद्यानं तिला कामगाराचा हक्क केलं.

आपल्या घरच्या बाईला मात्र हा कायदा लागू होत नाही. वीस वर्षं आपली उष्टी भांडी घासून ती रिकाम्या हातानं जाते. निघताना एखादी जुनी साडी आणि "सुखी राहा" हा आशीर्वाद! तिथे कायदा नाही म्हणूनच आपल्या कृतज्ञतेची खरी परीक्षा आहे.

तेव्हा आजी-आजोबांच्या समाधानाचे गोडवे जरूर गावेत. पण आधी आठवावं, घरच्या बाईचा पगार शेवटचा कधी वाढवला? दिवाळीला पूर्ण महिन्याचा पगार जास्तीचा दिला का? तिच्या आजारपणातले खाडे कापले का? उत्तरं मला सांगू नका, स्वतःला द्या. आणि मग तो संदेश पुढे पाठवायचा असेल तर खुशाल पाठवा.

असो. कोणाला हे झोंबलं असेल तर झोंबू दे. चाळीस वर्षांची मास्तरकी अशी सुटत नाही.