पगारपत्रक थांबल्यावर

कायमची नोकरी सोडून कंत्राटावर सॉफ्टवेअर लिहिणारी मुले पुण्यात आता घरोघर आढळतात. महिन्याचा आकडा फुगतो, आईवडील हरखतात. मी मात्र कर्जाचे अर्ज चाळण्यात उमेद घालवलेला बँकवाला. माझे लक्ष रिकाम्या रकान्यांकडे जाते. मूळ वेतनावरचा भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा १२ टक्के वाटा बंद, भरपगारी रजा बंद, आरोग्यविमा आपल्या खिशातून. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी. आणि घरकर्ज? पगारदाराचे पगारपत्रक पाहून आमचे निम्मे समाधान होई; स्वतंत्र व्यावसायिकाकडे मात्र दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागत असू. दोन कंत्राटांमधले दिवस बिनपगारी. हा हिशेब राजीनाम्याआधी बायकोसमोर मांडावा. ते दिवस बहुधा तिच्याच पगारावर निघायचे असतात.